दुर्बीण नंतर घ्या, आधी शनिवारची खोली द्या

(इंदुरातल्या मराठी मंडळांच्या, वाचनालयांच्या आणि गणेशोत्सव समित्यांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र)

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतल्या सर्व काका-काकू, ताई-दादांना,

सप्रेम नमस्कार.

यंदा मुलांसाठी "काहीतरी विज्ञानाचं" करायचं, असं शहरातल्या बऱ्याच मंडळांच्या मनात एकाच वेळी आलं आहे, ही आनंदाची गोष्ट. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा इस्रोचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांहून जास्त लोक बघत होते. त्यात आपल्या घरचे सगळेच होते. तेव्हापासून आई-वडिलांची ही मागणी मी शिकवणीत सतत ऐकते आहे. पण प्रत्येक ठिकाणी चर्चा फिरून फिरून एकाच ठरावावर येते: दुर्बीण घेऊ या. एका ठिकाणी तर कोटेशन आलं आहे आणि देणगीदाराचं नाव नळीवर लिहायचं की पेटीवर, इथवर गाडी पोचली आहे म्हणे. म्हणून हे पत्र घाईने लिहिते.

दुर्बीण तूर्त राहू द्या. त्याऐवजी आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली, एक प्रोजेक्टर, बरं चालणारं वायफाय आणि किल्ली वेळेवर आणून देणारा एक माणूस द्या. एवढंच मागणं आहे.

दुर्बिणीशी माझं वैर नाही. शनीची कडी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्याने बघणारं पोर कसं ओरडतं ते मी पाहिलं आहे, आणि त्याला तोड नाही. पण हिशेब मांडून बघा. मृग लागला की माळव्याचं आभाळ जे भरतं ते नवरात्राच्या तोंडाशी मोकळं होतं. पाठोपाठ दिवाळी, मग सहामाही. थंडीत आकाश सगळ्यात देखणं, तेव्हा बोर्डाची मुलं कोंडलेली. उन्हाळ्यात निम्मी कॉलनी पुण्या-मुंबईला. उरलेल्या रात्रींवर शहराच्या दिव्यांचा उजेड. अशातून एक रात्र मिळाली, तर गच्चीवर भली मोठी रांग आणि एकेकाला जेमतेम अर्धं मिनिट. पृथ्वी फिरते, त्यामुळे साध्या दुर्बिणीत ग्रह बघता बघता बाजूला सरकतो. दोन-तीन मुलं झाली की पुन्हा शोधून लावा. आणि ज्याने मोबाइलवर हबल या अवकाश दुर्बिणीची रंगीत चित्रं पाहिलेली आहेत, त्याला देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) म्हणून दिसतो एक राखाडी डाग. "बस, इतनाच?" हा आपल्या इंदुरी मराठीतला प्रश्न मी गच्चीवर ऐकलेला आहे. पुढच्या वेळी रांग अर्धी होते. त्याच्या पुढच्या वेळी दुर्बीण हार्मोनियमच्या शेजारी कपाटात जाते. अशी कपाटं शहरात आहेत. नावं घेत नाही.

तुम्ही म्हणाल, इंटरनेट तर घरोघरी आहे, प्रत्येक पोराच्या हातात फोन आहे. मग खोली कशाला? तीच तर अडचण आहे. साहित्याचा तुटवडा नाही, पूर आहे. सातवीतला मुलगा "ब्लॅक होल" शोधतो. पहिला व्हिडिओ चांगला मिळतो, दुसरा बरा, आणि तिसऱ्यात "नासाने लपवलेलं सत्य" सुरू होतं, ज्यात चंद्रावर मंदिर सापडलेलं असतं. घरातल्या मोठ्या माणसांना त्यातलं काय खरं ते सांगता येत नाही, कारण त्यांच्याही फोनवर तेच येतं. दर ऑगस्टमध्ये फिरणारा "२७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा निरोप आपल्या सगळ्यांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन गेलेला आहे. त्याचं मूळ खरं आहे: २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५७ लाख किलोमीटरवर, हजारो वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता. ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्याला दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, असं मूळ मजकुरात होतं. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळली, वर्ष गळलं, आणि उरला तो निरोप वीस वर्षांहून जास्त काळ जिवंत आहे. मुलांना खगोलशास्त्र शिकवायचं म्हणजे यातून निवडायला शिकवायचं. ते एकट्याने फोनवर होत नाही. चार डोकी एका पडद्यासमोर बसली आणि कोणी "हे कोणी सांगितलं, कधीचं आहे?" असं विचारलं, तरच होतं.

आता त्या खोलीत काय दाखवायचं ते सांगते, नाहीतर हे पत्रही नुसत्या उपदेशात जमा व्हायचं.

सुरुवात स्टेलेरियमने करावी. हे संगणकावरचं तारांगण आहे: पूर्ण मोफत, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, आणि फोनवर नुसत्या ब्राउझरमध्येही उघडतं. ठिकाण इंदूर निवडायचं, की आपल्या गच्चीवरून आत्ता जे दिसायला हवं ते पडद्यावर येतं. ढग असोत, दिवसा असो, परीक्षा असो.

यातला एक प्रयोग मी मुद्दाम लांबवून सांगते, कारण तो आजी-आजोबांना घेऊन करायचा आहे. तारीख ७ किंवा ८ जून लावा, वेळ भर दुपारची. पडद्यावर निळं आकाश आणि सूर्य, बाकी काही नाही. आता कळफलकावरचं ए दाबा. वातावरण नाहीसं होतं, आकाश काळं पडतं आणि सूर्य तिथेच असताना त्याच्या मागचे तारे दिसू लागतात. मग सी दाबून तारकासमूहांच्या रेघा आणा. सूर्य रोहिणीच्या पुढे, मृगाच्या डोक्याच्या वरच्या अंगाला उभा असतो. "मृग लागला" म्हणजे नेमकं काय लागलं, हे तिथे बोट ठेवून दाखवता येतं. आमच्याकडे हे केलं तेव्हा एका मुलीचे आजोबा बसले होते, मूळचे खरगोनकडचे, शेती सोडून इथे आलेले. ते उठून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, "आता पुढे ढकल, आर्द्रा दाखव." मग पुनर्वसू, मग पुष्य. नक्षत्रागणिक पाऊस कसा, कोणत्या नक्षत्रात पेरायचं आणि कशात नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या नक्षत्रांचे तारे पावसाळ्यात सूर्यासोबत उगवून सूर्यासोबतच मावळतात, म्हणून ऐन पावसात ती रात्री कधी दिसत नाहीत, हे मात्र त्यांनी पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं. मुलं माउस त्यांच्या हातात द्यायला भांडत होती. दीड तास हे एवढंच चाललं, आणि मी ठरवलेलं बाकी काही झालं नाही.

याच तारखांना आपल्या शहरात आणखी एक गंमत असते. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, ७ जूनच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या जरा आधी उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली गडप होते. घड्याळातल्या बारा वाजता का नाही, हा पुढचा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरचं आणि आपण ७६ च्याही अलीकडे, म्हणून. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या जनसंपर्क समितीने शून्य सावलीच्या दिवसावर बरंच साहित्य मोफत ठेवलं आहे, कोणत्या गावी कोणता दिवस तेही बघता येतं. तेव्हा ढग असण्याची शक्यता दाट, हे खरं. पण मृग लागणं आणि सावली जाणं हे दोन्ही आपल्या गावात जवळजवळ एकाच दिवशी येतं. ते पुण्या-मुंबईत असं जुळत नाही, तिथे शून्य सावली मे महिन्यातच होऊन जाते.

आणि उज्जैन तासा-दीड तासावर आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली तिथली वेधशाळा १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली, आणि पुढे गोविंद सदाशिव आपटे हे मराठी गृहस्थ तिचे अधीक्षक होते. आपण महाकालाला जातो आणि तिच्यावरून पुढे निघून येतो. स्टेलेरियममध्ये उज्जैनच्या आकाशात सूर्य कुठे असेल ते आधी बघून मग तिथल्या शंकुयंत्राची सावली प्रत्यक्ष मोजायची, अशी सहल एखाद्या मंडळाने काढून बघावी. बसभाडं दुर्बिणीपेक्षा नक्कीच कमी पडेल.

चंद्रासाठी अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा क्विकमॅप आहे. लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे नासाचं यान २००९ पासून चंद्राभोवती फिरतं आहे; त्याने काढलेल्या चित्रांचा हा नकाशा. ६९.३७ अंश दक्षिण, ३२.३२ अंश पूर्व इथे जा, म्हणजे चंद्रयान-३ उतरलं ती जागा. मुलांना सांगा, आता जवळ जा. अजून जवळ. विवरात विवर, त्यात विवर. हे फुकटचं साहित्य म्हणजे पोरखेळ असं कोणाला वाटत असेल, तर चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांची गोष्ट सांगायला हवी. २०१९ मध्ये चंद्रयान-२ चं विक्रम हे उतरणारं यान चंद्रावर कोसळलं. नासाने त्या भागाची चित्रं सगळ्यांसाठी खुली केली. हा संगणक अभियंता नोकरी सांभाळून घरी बसून आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी शेजारी ठेवून ठिपका न् ठिपका ताडत बसला, आणि त्याला एक ठिपका जास्तीचा सापडला. त्याने नासाला कळवलं, नासाने तपासलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या नावासकट जाहीर केलं. चित्रं सगळ्या जगाला खुली होती.

इस्रोचाही असा खजिना आहे. चंद्रयान-२ आणि आदित्य-एल१ यांची माहिती प्रदान नावाच्या पोर्टलवरून नाव नोंदवून मोफत उतरवता येते. पण फाइल्स जडशीळ असतात आणि त्या उघडायला वेगळी सॉफ्टवेअर्स लागतात. कॉलेजातल्या मुलामुलींनी जरूर जावं. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

माझ्या शिकवणीच्या खोलीत सगळ्यात जास्त आवाज मात्र होतो तो डीप स्पेस नेटवर्क नाऊ या नासाच्या पानावर. तिथे काही शिकवत नाहीत. कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा, या तीन ठिकाणच्या मोठ्या तबकड्यांची साधी चित्रं, आणि प्रत्येकीवर ती या क्षणी कोणत्या यानाशी बोलते आहे त्याची आद्याक्षरं. सिग्नल जात-येत असेल तर लाटा हलताना दिसतात. एका संध्याकाळी कॅनबेराच्या ७० मीटरच्या तबकडीवर व्हीजीआर२ आलं. २० ऑगस्ट १९७७ ला निघालेलं व्हॉयेजर-२. "मॅडम, ये अभी चालू आहे?" चालू आहे. व्हॉयेजर-१ तर त्याच्याही पुढे आहे. प्रकाशाला तिथे पोचायलाच जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणजे "हॅलो" म्हटलं तर "हॅलो" परत यायला दोन दिवस. एवढं कळल्यावर एक मुलगा म्हणाला, म्हणजे शनिवारी विचारायचं आणि सोमवारी शाळेत उत्तर. त्याने त्या पानाची खूण करून ठेवली आहे आणि आता तो रोज शाळेच्या आधी कोणाची पाळी आहे ते बघतो. नासाच्याच आइज ऑन द सोलर सिस्टिममध्ये ही सगळी यानं त्यांच्या खऱ्या जागी, त्रिमितीत दिसतात; दोन्ही पानं शेजारी उघडली तर आणखी रंगतं.

दुर्बीण हवीच असा ज्यांचा आग्रह आहे, त्यांनी हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या मायक्रोऑब्झर्व्हेटरीवर जावं. अमेरिकेतल्या त्यांच्या छोट्या स्वयंचलित दुर्बिणींना आपण इथून काम सांगू शकतो. यादीतून एखादी वस्तू निवडा, ई-मेल द्या, रात्री तिथलं आकाश स्वच्छ असलं की फोटो काढून ते पाठवतात. पैसे नाहीत. आठवीतल्या एका मुलीने मृगातला तेजोमेघ मागवला होता. मेल आली आणि तोंड पडलं: चित्र काळं-पांढरं. मग आम्ही त्यांच्याच मोफत साधनाने लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून घेतलेली तीन वेगळी चित्रं एकावर एक चढवली आणि रंग आला. त्या दिवसापासून कोणतंही झगझगीत चित्र पाहिलं की ती विचारते, "यातला कोणता रंग कशाचा आहे?" आपल्या गच्चीवरच्या दुर्बिणीने हा प्रश्न तिच्या तोंडी आला नसता.

नुसतं बघून कंटाळलेल्या मुलांसाठी काम करायची सोयही आहे. २००७ मध्ये गॅलेक्सी झू हा ऑनलाइन उपक्रम सुरू झाला: दीर्घिकांची चित्रं बघायची आणि सर्पिल की लंबगोल ते सांगायचं. त्याच वर्षी हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला त्यात एका दीर्घिकेशेजारी विचित्र निळसर ठिगळ दिसलं. शास्त्रज्ञांना ते नवं होतं, आणि आज ते तिच्याच नावाने ओळखलं जातं. त्यातूनच पुढे झूनिव्हर्स हे अशा अनेक उपक्रमांचं संकेतस्थळ उभं राहिलं, आणि त्यातला ग्रॅव्हिटी स्पाय हा उपक्रम आपल्यासाठी तर घरचाच म्हणावा असा. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, पहिल्यांदा टिपल्या. चार-चार किलोमीटरच्या भुजांची ती यंत्रं इतकी हळवी, की कुठे काही खुट्ट झालं तरी नोंद होते. त्या खोट्या नोंदी चित्रं बघून वेगळ्या काढायचं काम ग्रॅव्हिटी स्पायमध्ये कोणीही करू शकतं. आता तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि ती उभारणाऱ्या संस्थांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या बरोबरीने आपल्या इंदूरचं आरआरकॅट हे लेसर आणि कणत्वरकांचं संशोधन केंद्र आहे. सुखनिवासच्या रस्त्याने जाताना ज्याचं फाटक दिसतं, तेच. आपल्यातल्या कितीतरी जणांचे नातेवाईक तिथे नोकरीला होते नि आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या निवृत्त काकांना शनिवारी बोलावून पोरांसमोर बसवा. भाषण नको, नुसत्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

वाचायला काय द्यावं, हा प्रश्न जरा किचकट आहे. आपली मुलं शाळेत इंग्रजी किंवा हिंदी माध्यमात, मराठी घरात आणि मंडळात. दहावीपुढच्या मुलांना मी डोळे झाकून ओपनस्टॅक्सचं खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक सांगते. इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी, गणित बेताचं आणि पूर्ण पुस्तक कायदेशीर मोफत. लहानांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, इंग्रजी अशी हजारो पुस्तकं विनामूल्य आहेत. कचऱ्यातून खेळणी करणारे तेच गुप्ता, ज्यांनी बरीच वर्षं आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम केलं. मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन आहेत; जुन्या नोंदींची भाषा जड वाटेल, म्हणून त्या आजोबांनी वाचून नातवंडांना सांगाव्यात, हे उत्तम. ऑलिंपियाडच्या वाटेला जाऊ पाहणाऱ्यांसाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह ठेवल्या आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच झालं. आणि ज्यांना वाटतं की या विषयाला पुढे वाव नाही, त्यांना सिमरोलला घेऊन जा. तिथल्या आयआयटीत खगोलशास्त्र आणि अवकाश अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. घरून डबा घेऊन जाता येईल इतक्या अंतरावर.

प्रमाणपत्रांच्या मागे मात्र लागू नका. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे, म्हणजे इस्रोचेच, मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम असतात आणि त्यांचं प्रमाणपत्र मिळतं, ते चांगलं आहे. पण "तुमच्या मुलाच्या नावाने तारा नोंदवा" म्हणून चकचकीत कागद विकणारेही आहेत, आणि वाढदिवसाला ते घेणारी घरं मी पाहिली आहेत. ताऱ्यांना अधिकृत नावं देण्याचं काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं, आणि तो संघ नावं विकत नाही. तो कागद फ्रेम करून लावा हवं तर. आकाशात त्याचा काही उपयोग नाही.

हे सगळं मी मांडलं ते यादी म्हणून तुमच्या फलकावर लावायला नव्हे. नुसती यादी फलकावर लागली की तिचंही दुर्बिणीसारखंच होतं. पानं बदलतात, दुवे मरतात, नवं येतं. म्हणून वाचनालयांना माझी वेगळी विनंती आहे. जसे तुम्ही दिवाळी अंक निवडून घेता, कोणता ठेवायचा आणि कोणता यंदा बंद करायचा हे कोणीतरी बसून ठरवतं, तसं या साहित्यासाठी एक माणूस नेमा. तरुण असेल तर फारच छान. त्याने दर तीन महिन्यांनी बघावं: चालतं का, कोणत्या वयाला, भाषा कोणती, कोणी केलेलं आहे. आणि प्रत्येक गोष्टीवर मराठीत चार ओळी लिहाव्यात. चारच. "हे उघडा, इथे दाबा, हे दिसेल, हे विचारा." असा कागद आज उपलब्ध नाही, आणि त्याला खर्च शून्य आहे.

गणेशोत्सव समित्यांना एवढंच, की दहा दिवसांतली एक संध्याकाळ द्या. "विज्ञान आणि अध्यात्म" यावरची व्याख्यानं आपण भरपूर ऐकली. आरतीनंतर मांडवातल्याच पडद्यावर अर्धा तास आकाश दाखवा. तेव्हा बाहेर हमखास ढग असतात, म्हणजे पडदाच बरा. २ ऑगस्ट २०२७ ला मोठं सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त चालेल, आपल्याकडे दुपार कलताना ते खंडग्रास. ऑगस्टचा महिना, त्यामुळे आपलं काय होईल ते २२ जुलै २००९ च्या पहाटेने शिकवलेलं आहे. तेव्हा खग्रासची पट्टी थेट इंदुरावरून गेली आणि आपण ढगांखाली उभे राहून नुसता अंधार बघितला. या वेळी सभागृहात लक्सरचं थेट चित्र लावायची तयारी आत्तापासून ठेवली तर काय बिघडेल? सुरक्षित चष्मे आणून ठेवायचेच, आभाळ उघडलं तर हवेत.

आणि हो, खोलीतून बाहेर पडायचंच आहे. पडद्यावर पाहिलेलं गच्चीवर जाऊन पडताळायचं, नाहीतर हा आणखी एक स्क्रीन टाइम. आकाश किती उजळलं आहे ते मोजायला ग्लोब ॲट नाइट नावाचा जागतिक उपक्रम आहे: ठरावीक तारकासमूहातले किती मंद तारे दिसतात ते बघायचं आणि नोंद पाठवायची. एकाच रात्री एक गट सराफ्याजवळच्या गच्चीवरून, दुसरा सिमरोलकडून, तिसरा जानापावच्या डोंगरावरून बघेल, आणि तिघांचे आकडे दुसऱ्या शनिवारी पडद्यावर शेजारी मांडता येतील. जानापावला जाणाऱ्या गटाबरोबर मोठी माणसं हवीत, हे सांगायला नकोच.

आता व्यवहाराचं. शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ. बऱ्याच सभागृहांना सातलाच कुलूप लागतं, हा नियम या एका दिवसापुरता शिथिल करावा लागेल. मुलं आठवी ते बारावी, पण लहान भावंडं आणि आजी-आजोबा चालतील. आजी-आजोबा तर हवेतच. फी ठेवू नका. मी सुरुवातीचे काही महिने येईन, आणि माझे दोन जुने विद्यार्थी, एक आता इंजिनिअरिंगला आणि एक एम.एस्सी. करणारी, पाळीपाळीने यायला तयार आहेत. ज्या मंडळाकडे प्रोजेक्टर नाही त्यांनी मोठा टीव्ही दिला तरी भागेल.

तुमच्यापैकी दोन मंडळांच्या बैठका येत्या रविवारी आहेत असं कळलं. बोलावलंत तर मी लॅपटॉप घेऊन येईन आणि पाऊण तासात वरचं बरंचसं करून दाखवीन, मग काय तो ठराव करा. प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल तेवढी आधी शोधून ठेवा. ती कधीच जागेवर नसते.

आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका
राजेंद्रनगर, इंदूर

ता. क. कोटेशन रद्द करणं देणगीदारांमुळे अवघड असेल, तर त्यांना १० बाय ५० ची द्विनेत्री सुचवून बघा. एका दुर्बिणीच्या पैशात तीन-चार तरी येतील, चंद्रावरची विवरं आणि कृत्तिका त्यातून झकास दिसतात, आणि नाव कोरायला तीन-चार जागा मिळतील. तरीही दुर्बीणच घ्यायची ठरली, तर नळीपेक्षा तिपाईवर जास्त पैसे खर्च करा. डुगडुगत्या तिपाईवर शनीच्या कड्यांची जिलबी होते.